बोगोटाला शिकवायला जाऊ का?

पत्र

ताई, मी ३६ वर्षांची आहे. पुण्यातल्या एका शाळेत आयजीसीएसई आणि आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या मुलांना गणित शिकवते. कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या एका शाळेने ऑनलाइन मुलाखत घेऊन मला दोन वर्षांच्या नोकरीचा प्रस्ताव पाठवलाय. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं. पगाराचा आकडा बरा दिसतो, मुलीची फी माफ असेल असं तोंडी सांगितलंय. माझे मिस्टर आयटीत आहेत, घरूनच काम करतात. ते म्हणतात, 'मी येतो, लॅपटॉप काय, कुठेही उघडता येतो.' मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. माझे बाबा साताऱ्याला एकटे राहतात, वय ७४. बीपी, शुगर आहे, पण हिंडते-फिरते आहेत. भाऊ ठाण्याला. बाबा 'जा' म्हणतात, पण फोन ठेवला की मला झोप लागत नाही. सासरी सगळ्यांना कोलंबियाबद्दल एकच गोष्ट माहीत, तो अमली पदार्थांचा देश! आम्ही शाकाहारी. स्पॅनिशचा गंध नाही. माझ्या पदव्या माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. लोक दुबई-सिंगापूरला जातात, तिकडे कोण जातं? मला मात्र जावंसं वाटतंय, आणि तसं वाटतं म्हणूनच अपराधी वाटतंय. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. आणि दोन वर्षांनी परत यायचं की नाही, हेही आत्ताच ठरवून टाकायला हवं का?

— एक शिक्षिका, पुणे

उत्तर

तुम्ही जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण होकाराची मेल आज पाठवू नका.

मी बोगोटात काही वर्षं राहिले, तिथल्या शाळेत शिकवलं. तिथे आलेल्या परदेशी शिक्षकांपैकी कोण रमलं आणि कोण वर्ष संपायच्या आत सामान बांधून निघालं, हे जवळून पाहिलं. निघून गेलेल्यांना ना चोरांनी पळवलं, ना स्पॅनिशने. कुणी करार नीट न वाचता आलं होतं. कुणाचा जोडीदार सोबत आला आणि दिवसभर चार भिंतींत काय करायचं, हेच त्याला कळेना. तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी एकेका वाक्यात उरकल्या आहेत आणि सासरच्यांच्या भीतीला जास्त जागा दिली आहे. मी उलट्या क्रमाने जाते.

आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये नेमणूक साधारण दोन तऱ्हेची असते, परदेशातून बोलावलेला शिक्षक आणि स्थानिक शिक्षक. पहिल्याला विमानभाडं, राहायला जागा किंवा घरभाडं, व्हिसाचा खर्च, चांगला खासगी आरोग्यविमा, मुलांची फी असं बरंच काही मिळतं. दुसऱ्याला देशाच्या कायद्याने जे मिळेल तेवढंच. वर्ग तेच, तास तेवढेच, पण वर्षाअखेर हातात उरणाऱ्या पैशांत जमीन-अस्मानाचा फरक. भारतातून येणाऱ्या शिक्षकाला गोड बोलून स्थानिक करारावर नेमणाऱ्या शाळा असतात, तसे करार मी वाचले आहेत. तुम्हाला फीची माफी तोंडी सांगितली हे वाचून म्हणूनच माझे कान टवकारले. तोंडी सांगितलेलं सगळं शाळेकडून करारात लिहून घ्या. विमानभाडं फक्त तुमचं की तिघांचं? एकदाच की दरवर्षी? विमा कुणाकुणाचा? एक वर्षाने सोडलं तर काय परत द्यावं लागेल? हे विचारताना संकोच करू नका. चांगल्या शाळांना या प्रश्नांची सवय असते. जी शाळा अशा प्रश्नांनी नाराज होते, तिच्यात न गेलेलंच बरं.

पगाराचा आकडाही उलगडून घ्या. कोलंबियात नोकरदाराला वर्षाला एक पगार 'प्रिमा' म्हणून वरचा मिळतो, अर्धा जूनमध्ये आणि अर्धा डिसेंबरमध्ये. शिवाय साधारण तेवढीच रक्कम मालकाने 'सेसांतियास' नावाच्या निधीत भरायची असते. नोकरी सुटली की ती तुमची. पगार बराच मोठा असेल तर हे सगळं एकाच ठोक आकड्यात घालायची कायद्यात सोय आहे. तेव्हा तुम्हाला दिलेला आकडा ठोक आहे की साधा, हे कळल्याशिवाय पुण्याच्या पगाराशी तुलना करू नका. तसंच तो पेसोत, म्हणजे तिथल्या चलनात, आहे की डॉलरमध्ये, तेही पाहा. २०१४ च्या मध्यावर एका डॉलरला १,९०० पेसोंच्या आसपास मिळत. नोव्हेंबर २०२२ मध्ये हा आकडा ५,००० च्या वर गेला आणि मग पुन्हा उतरला. तिथेच कमावून तिथेच खर्च करणाऱ्याला याची झळ कमी लागते. पुण्यात घराचा हप्ता चालू असेल तर मात्र तो तुमच्या पेसोंवर टाकू नका, मिस्टरांच्या रुपयांतून भागत असेल तरच हो म्हणा. दुबई-सिंगापूरला माणसं पैसा साठवायला जातात. बोगोटात तेवढा साठणार नाही, हे मनाशी पक्कं करूनच निघायचं.

आता लॅपटॉप. भारताचं घड्याळ बोगोटाच्या साडेदहा तास पुढे आहे. पुण्याच्या ऑफिसची सकाळी दहा ते संध्याकाळी सात ही वेळ बोगोटात रात्री साडेअकरा ते सकाळी साडेआठ होते. म्हणजे तुम्ही आणि मुलगी उठाल तेव्हा ते काम करत असतील आणि तुम्ही शाळेत असताना झोपलेले असतील. असा संसार दोन वर्षं ओढणं सोपं नाही. पण त्यांचे क्लायंट अमेरिकेतले असतील तर चित्रच पालटतं. न्यूयॉर्क आणि बोगोटाची वेळ हिवाळ्यात एकच असते, उन्हाळ्यात तासाभराचा फरक. पुण्यात ज्यांच्यासाठी ते रात्री जागतात, त्यांच्याशीच तिथे भर दिवसा बोलतील. म्हणून पहिला प्रश्न त्यांनी त्यांच्या कंपनीला विचारायचा: कोलंबियात बसून काम करायला लेखी परवानगी मिळेल का, आणि कोणत्या वेळेत? दुसरा प्रश्न तुमच्या शाळेला: तुमच्या व्हिसावर अवलंबून आलेल्या जोडीदाराला तिथे स्थानिक नोकरी सहसा करता येत नाही, मग भारतातल्या कंपनीचं काम करण्याबाबत शाळेचा वकील काय म्हणतो? तिसरा प्रश्न कराचा. वर्षभराच्या काळात १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर कोलंबिया तुम्हाला करापुरतं रहिवासी धरतो आणि भारतातलं उत्पन्नही विचारतो. दुहेरी कर टाळण्याचा भारत-कोलंबिया करार २०११ मध्ये झालेला आहे, पण त्याचा फायदा आपोआप मिळत नाही. निघण्याआधी पुण्यातल्या सीएकडे एक चक्कर मारा.

नावांचा गुंता आजच सोडवायला घ्या, कारण त्यात सर्वांत जास्त दिवस जातात. पदव्यांवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनची मोहोर, लागते. विवाह दाखला आणि मुलीचा जन्मदाखला यांनाही तेच. त्यानंतर अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. तुमच्या बाबतीत विवाह दाखला हा सगळ्यांत महत्त्वाचा कागद आहे, कारण माहेरचं आणि सासरचं नाव एकत्र तिथेच येतं. त्यावर दोन्ही नावं पूर्ण आणि पासपोर्टसारख्याच स्पेलिंगने आहेत का, ते भिंग लावून बघा. कोलंबियात बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. प्रत्येकाला दोन आडनावं असतात, बहुधा पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. त्यामुळे तुमच्या दोन नावांमागची पद्धत तिथल्या कारकुनाला ठाऊक नसते, आणि पासपोर्टात मधलं नाव म्हणून नवऱ्याचं नाव असेल तर ते तुमचंच दुसरं नाव समजून तो तुम्हाला खुशाल त्या नावाने हाक मारतो. पोहोचल्यावर पंधरा दिवसांच्या आत व्हिसाची नोंदणी करून 'सेदुला दे एक्स्त्रान्हेरिया' हे परदेशी नागरिकाचं ओळखपत्र मागायचं असतं. ते हातात आल्याशिवाय बँक खातं, घराचा करार, विमा, सगळंच अडतं. दीड महिना निघेल एवढे पैसे सोबत असू द्या. घर भाड्याने घेताना मालक 'फियादोर' म्हणजे जामीन मागतो. तो शाळाच राहील का, तेही शाळेला पाठवायच्या प्रश्नांच्या मेलमध्ये विचारून टाका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. कोलंबियाहून भारतात उतरताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड दाखवावं लागतं. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. तिघांनीही ती इथेच घ्या. उद्या बाबांसाठी धावत यायची वेळ आली तर विमानतळावर अडकून पडायला नको.

बाबांचं. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. भारतातून बोगोटाला थेट विमान नाही. इस्तंबूल, माद्रिद, फ्रँकफर्ट असं कुठेतरी बदलावं लागतं, आणि वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हेही बघावं लागतं. तिथल्या घरातून निघून साताऱ्याच्या दारात पोहोचेपर्यंत दीड-दोन दिवस जातात. बाबांना रात्री अचानक काही झालं तर तुम्ही वेळेवर पोहोचणार नाही. हे वाक्य तुम्ही, भाऊ आणि बाबा, तिघांनी एकत्र बसून मोठ्याने बोलून घ्यायला हवं. फोनवर नको. एका रविवारी भावाला घेऊन साताऱ्याला जा. रात्री कुणाला फोन करायचा, घराची दुसरी किल्ली कुणाकडे, कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं, पैसे कुठल्या खात्यातून काढायचे, औषधांची फाइल कुठे आहे, हे त्यांच्यासमोर ठरवा. भावाला तिथेच विचारा की दोन वर्षं पहिला फोन तुझा, चालेल ना? तो 'हो' म्हणाला तर तुमच्या झोपेचा निम्मा प्रश्न सुटेल. 'नाही' म्हणाला तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं. मग मात्र मी माझं मत बदलीन.

बाबा 'जा' म्हणतात, त्यावर विश्वास ठेवा. ७४ वर्षांच्या माणसाला आपल्यामुळे लेकीची संधी हुकली हे ओझं पेलत नाही. त्यांना 'तुम्ही कसे राहाल?' असं न विचारता 'तुम्ही दिवस कसा काढता ते मला सांगा' असं विचारा. त्यांच्या उत्तरातून तुम्हाला कळेल की पुण्यात असूनही तुम्ही त्यांच्यासाठी नक्की काय करता आणि त्यातलं काय दुसऱ्या कुणाला देता येईल. वेळेचं गणित मात्र तुमच्या बाजूने आहे. तुम्ही पहाटे साडेपाचला शाळेच्या बसमध्ये बसाल तेव्हा साताऱ्यात दुपारचे चार वाजलेले असतील, त्यांच्या चहाची वेळ. तुम्ही रात्री साडेसातला जेवायला बसाल तेव्हा त्यांची सकाळ झालेली असेल. ऑगस्टला सुरू होणाऱ्या शाळांना जूनच्या मध्यापासून मोठी सुट्टी लागते. वारीच्या दिवसांत, माउलींची पालखी लोणंद-फलटणच्या वाटेवर असताना, तुम्ही घरी असू शकाल. म्हणूनच दरवर्षीच्या विमानभाड्याचा आग्रह धरा.

सासरच्यांच्या भीतीला थोडक्यात उत्तर देते. मेदेयिन शहरातला तो कुप्रसिद्ध तस्कर पाब्लो एस्कोबार डिसेंबर १९९३ मध्ये मारला गेला. सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यातला शांतता करार २०१६ मध्ये झाला. देशाच्या काही ग्रामीण भागांत हिंसा अजून आहे आणि ती खरी आहे, पण तुम्ही राहाल त्या उत्तर बोगोटात तुमची गाठ पडेल ती मोबाइलचोरांशी. रस्त्यात फोन हातात धरून चालू नका, टॅक्सी ॲपवरूनच बोलवा, अनोळखी माणसाने दिलेलं काही खाऊ-पिऊ नका, आणि कुणी फोन मागितलाच तर न झगडता देऊन टाका. बस. आणि कृपा करून तिथल्या कुणाशीही त्या तस्करावरून किंवा कोकेनवरून विनोद करू नका. त्या काळात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, अशी मुलं-माणसं तुमच्या स्टाफरूममध्ये असतील.

आता माझ्या आवडीचं, वर्ग.

शाळा फार लवकर भरते, सातच्या आत-बाहेर. मुलांच्या बसला 'रुता' म्हणतात आणि ती अंधारातच दारात येते. आंतरराष्ट्रीय शाळा बऱ्याचशा शहराच्या उत्तर टोकाला आहेत आणि बोगोटाची वाहतूक कोंडी भयंकर, म्हणून घर शाळेच्या बसमार्गावरच घ्या. उसाकेन, सेद्रितोस या भागांत अनेक शिक्षक राहतात. वर्गात शिरल्यावर एका सुरातलं 'गुड मॉर्निंग' ऐकू येणार नाही. मुलं एकेक करून जवळ येतील, लहान वर्गांतली मिठी मारतील, 'मिस, वीकेंडला कुठे गेला होतात?' असं विचारतील. पहिली पाच मिनिटं यात जातात. आपल्या हाडामासात भिनलेली शिस्त म्हणते की पाच मिनिटं वाया गेली. तसं समजू नका. तिथे मूल आधी तुमचं होतं आणि मग तुमचा विषय त्याचा होतो. ज्या दिवशी तुम्ही घाईघाईने पाठ फिरवून फळ्यावर लिहायला लागाल, त्या दिवशी वर्गात गोंगाट वाढेल. भर वर्गात नाव घेऊन चूक दाखवणं, फळ्यापाशी उभं करून ठेवणं हे मात्र पुण्यातच सोडून जा. तिथे ते मुलाच्या जिव्हारी लागतं आणि संध्याकाळी पालकांची मेल येते. एकट्याला बाजूला घेऊन तेच सांगितलंत तर मूल ऐकतं. मुलांना मारणं तर २०२१ च्या कायद्याने घरातही बंद झालंय.

गणिताच्या शिक्षिकेला एक गोष्ट आधीच ठाऊक असायला हवी. तिथे दशांशचिन्ह स्वल्पविरामाने देतात आणि हजाराच्या जागी टिंब. नववीतल्या मुलीच्या वहीत तुम्हाला १.५०० + २,५ असं दिसेल. तिच्या मते ते पंधराशे अधिक अडीच आहेत, आणि तिचं बरोबरच आहे. आयबीचा इंग्रजी पेपर मात्र दशांशाला टिंब देतो, कॅल्क्युलेटरही टिंबच दाखवतो, आणि घरी आईबाबा स्वल्पविरामाने लिहायला शिकवतात. आलेखावरचा बिंदू लिहिताना गोंधळ आणखी वाढतो, कारण (२,५) हा बिंदू की अडीच हा प्रश्न खरोखरच पडतो. भागाकाराची मांडणीही वेगळी: भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे, आणि भागाकार भाजकाच्या खाली. अनेक मुलं मधली वजाबाकी लिहीतच नाहीत, तोंडी करतात. तुम्हाला पायऱ्या गाळल्यासारख्या वाटतील, पण त्यांना तसंच शिकवलेलं असतं. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी, पण स्पॅनिशमधला त्याच्यासारखाच दिसणारा शब्द एक लाख कोटींसाठी वापरतात. अर्थशास्त्राच्या किंवा लोकसंख्येच्या उदाहरणात इथे हमखास घोळ होतो. पहिल्याच आठवड्यात मुलांकडूनच दोन्ही पद्धतींचा तक्ता करून भिंतीला लावा. त्यांच्या पद्धतीला चूक न म्हणता तुम्ही ती शिकून घेतलीत हे त्यांनी पाहिलं की निम्मं काम झालं.

गुण देण्याच्या बाबतीत थोडं सैल व्हावं लागेल. अनेक शाळांत १ ते ५ अशी श्रेणी असते, आणि २००९ च्या एका सरकारी आदेशापासून प्रत्येक शाळा आपली पद्धत स्वतः ठरवते. नापास झालेल्याला सुधारणेची संधी द्यावीच लागते, एकदा नाही तर अनेकदा. पाल्याच्या एका दशांशासाठी पालक भेटायला येतात. त्या भेटी स्पॅनिशमध्ये होतात, आणि इथे तुमचा स्पॅनिशचा प्रश्न येतो. वर्गात इंग्रजी चालेल. पण स्टाफरूममधली कुजबूज, रुतातली मावशी, शाळेचा रखवालदार, पालकांचा राग आणि पालकांचं प्रेम हे सगळं स्पॅनिशमध्ये आहे. स्पॅनिश न शिकता राहिलेले शिक्षक मी पाहिले. ते आपल्यासारख्याच परदेशी शिक्षकांच्या टोळक्यात दोन वर्षं काढतात आणि देश न पाहताच परततात. आजच वर्ग लावा. ऑगस्टपर्यंत ओळख, बाजार, वेळ, आकडे, आजारपण एवढं बोलता आलं तरी पुरे. मराठी माणसाला उच्चार सोपे जातात. स्वर स्वच्छ आहेत, त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. बोगोटाची माणसं हळू आणि स्पष्ट बोलतात, घरच्यांनाही अनेकदा आदरार्थी हाक मारतात. नवशिक्याला याहून बरं शहर मिळणार नाही.

जेवणाची काळजी तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी आहे, पण बाहेर खाताना सावध राहा. 'मांस नको' म्हटलं तर कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं, कारण त्यांच्या लेखी मांस म्हणजे मुख्यतः गाईचं. सगळ्यांची नावं घेऊन नको म्हणा, आणि सूपचं पाणी कशाचं आहे तेही विचारा. राजम्यासारख्या कडधान्यात, म्हणजे त्यांच्या 'फ्रिहोल'मध्ये, अनेकदा डुकराचा तुकडा असतो. घरी मात्र चंगळ आहे. पालोकेमाओच्या बाजारात पपई, पेरू, रामफळाच्या जातीची फळं, ढीगभर कोथिंबीर, नारळ, मसूर, काबुली चणे सगळं मिळतं. आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो युका तिथे रोजच्या जेवणात असतो. आणि गूळ! जगात भारताखालोखाल गूळ कोलंबियात तयार होतो. त्याला पानेला म्हणतात, डोंगरउतारांवर उसाची गुऱ्हाळं आहेत, आणि सर्दी झाली की तिथली आजी लिंबू पिळलेलं गुळाचं गरम पाणी देते. काबुली चण्याच्या पुरणात हा गूळ घालून केलेली पोळी मी होळीला शेजाऱ्यांना दिली होती. हिंग, मोहरी, गोडा मसाला न्या. मिक्सर नेऊ नका, तिथली वीज ११० व्होल्टची आहे, आपला मिक्सर चालत नाही. बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंच आहे. पाणी तिथे साधारण ९१ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर तिथेच मिळतो, त्यांनाही लागतोच. पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागेल, डोकं दुखेल. पाणी भरपूर प्या आणि पहिला आठवडा कामाचा ढीग अंगावर घेऊ नका. घरांना हीटर नसतो आणि बारा महिने गारठा, म्हणून लोकरी कपडे न्या.

मुलीसाठी हे वय उत्तम आहे. नऊव्या वर्षी मूल वर्षभरात स्पॅनिश बोलायला लागतं, आणि अकराव्या वर्षी परत आली तरी कोणत्याही बोर्डात सहावी-सातवीत सहज बसेल. हीच संधी ती नववीत असताना आली असती तर मी 'थांबा' म्हटलं असतं. पहिले तीन महिने ती रडेल. तिला वर्गातल्या गप्पा कळणार नाहीत आणि तिची आई त्याच शाळेत इतर मुलांच्या मिठ्या घेत असेल. मधल्या सुट्टीत तुमच्या खोलीत यायची तिला मुभा ठेवा, पण तिच्या वर्गशिक्षिकेला दर दोन दिवसांनी विचारायला जाऊ नका. मराठी वाचायची पुस्तकं न्या आणि आजोबांना रोज एक पान वाचून दाखवायचं काम तिच्याकडे द्या. दिवाळी तिथे शाळेच्या दिवशीच येते आणि भारतीय घरं फार थोडी, त्यामुळे ती ओकीबोकी वाटेल. पण ७ डिसेंबरच्या रात्री तिथे वेलितासचा सण असतो. सगळ्या गल्लीत, पायऱ्यांवर, खिडक्यांत लोक मेणबत्त्या आणि कागदी कंदील लावतात, मुलं उशिरापर्यंत बाहेर असतात. तुमच्या पणत्या त्या रात्री खाली घेऊन जा, शेजारी जागा करून देतील.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. परतायचं की नाही, ते आत्ता ठरवू नका, पण कधी ठरवायचं याची तारीख आत्ताच माहीत असू द्या. ऑगस्टला सुरू होणाऱ्या शाळा पुढच्या वर्षीची भरती आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच करतात, आणि त्याच सुमारास तुमच्याकडूनही करार वाढवणार का, याचं उत्तर मागतात. म्हणजे तुमच्या हाती दोन वर्षं नसून सव्वा वर्ष आहे. पहिल्या मोठ्या सुट्टीत घरी याल तेव्हा बाबांची तब्येत, मिस्टरांचं काम आणि मुलीचा चेहरा बघून ठरवा. आजच्या मेलमध्ये शाळेला एवढंच लिहा: प्रस्तावाबद्दल आभार, मला यायची इच्छा आहे, खालच्या मुद्द्यांवर लेखी उत्तर मिळाल्यावर सही करते, आणि त्यासाठी मुदत एक आठवडा वाढवून मिळावी. शनिवारी लशीच्या केंद्रात नाव नोंदवा आणि रविवारी साताऱ्याला जा.